सहा साइट, एक वही

ज्यांच्याकडे जाहिरातींवर चालणाऱ्या एकाहून जास्त साइट आहेत, किंवा एकच आहे पण दुसरीचं डोमेन काल रात्री ऑफर बघून घेऊन टाकलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. साइट कशी काढायची, वर्डप्रेस कसं चढवायचं, याचे मराठी व्हिडिओ पोत्याने आहेत. त्यात सगळेच स्क्रीनवरचे डॉलर दाखवतात. ते बँकेत कसे येतात, आले नाहीत तर कुठे अडकतात आणि आल्यावर त्यातले आपले किती, हे सांगायला कुणाला वेळ नसतो.

मी एके काळी सहा साइट चालवायचो. निबंधांची, सरकारी योजनांची, नोकरभरतीची, सणावारांच्या शुभेच्छांची, पाककृतींची आणि मोबाइलची तुलना करणारी एक इंग्रजी. कॉम्प्युटर क्लास रात्री नऊला बंद केला की बारा-एकपर्यंत हेच. आज दोनच उरल्यात, निबंध आणि नोकरभरती. सहा होत्या तेव्हा हाती राहायचं त्याहून आता जास्त राहतं. सहा साइटचा मालक म्हणून लग्नाकार्यात भाव खायचो, तो तेवढा गेला.

हा फरक कशाने पडला? दोनशे पानी वहीने. तिचा एकेक रकाना मला एकेका फटक्यानंतर आखावा लागला. तुम्ही फटका न खाता आखलात तर बरं.

आधी खात्याचं बघू. गुगल अ‍ॅडसेन्स २००३ सालचं. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या साइटचा चहा-बिस्कीट खर्च त्याच्यावरच निघतो. त्याचा नियम असा की एका नावावर एकच खातं. साइट मात्र त्याच खात्यात एकामागून एक जोडता येतात, आणि प्रत्येकीची तपासणी वेगळी होते. हे माहीत नसल्यामुळे, किंवा माहीत असूनही, लोक एका साइटला नकार आला की बायकोच्या नावाने दुसरं खातं काढतात, मग मामाच्या नावाने तिसरं. टेलिग्रामच्या ग्रुपवर तर 'अप्रूव्ह्ड अकाउंट' विकायलाच असतात, आणि 'लोडिंग' करून महिन्यात लखपती करणारे गुरूही तिथेच भेटतात. लोडिंग म्हणजे दुसरं काही नाही, विकत घेतलेल्या खोट्या भेटी आणि खोटे क्लिक. खातं बंद होतं तेव्हा त्यात साठलेले पैसेही जातात, आणि ज्याने खातं विकलं त्याचा नंबर तोवर बंद झालेला असतो. मामाच्या खात्यातले पैसे मामाच्या बँकेत जातात ही गोष्टही मामा पैसे देईनासा होईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

शिक्षक मंडळींसाठी इथे थोडं थांबतो, कारण मराठीतल्या कितीतरी चांगल्या शैक्षणिक साइट जिल्हा परिषदेच्या गुरुजींनीच उभ्या केल्या आहेत. सरकारी नोकरीत असाल तर वर्तणूक नियम काढून वाचा आणि कार्यालयाला लेखी विचारा. 'साइट बायकोच्या नावावर आहे' हे उत्तर चौकशीत पुरत नाही, कारण लिहिणारा हात कोणाचा ते अख्ख्या तालुक्याला ठाऊक असतं.

आता शंभर डॉलरची गोष्ट. अ‍ॅडसेन्समध्ये खात्यावर शंभर डॉलर जमल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. सहा साइट एकाच खात्यात असल्या तर सहांचे थेंब एकाच घागरीत पडतात. पण आपण काय करतो? एका साइटवर अ‍ॅडसेन्स, दुसरीवर कुठलं तरी नवं नेटवर्क, तिसरीवर खरेदीच्या लिंकचं कमिशन, चौथीवर पॉप-अपवाला कुणीतरी. प्रत्येकाची किमान रक्कम वेगळी, त्यामुळे प्रत्येकाकडे थोडं थोडं अडकून राहतं. मी एका पावसाळ्यात हिशेब केला तेव्हा चार ठिकाणी मिळून माझे एकशे बारा डॉलर पडून होते आणि त्यातला एकही माझ्या हातात येण्याच्या लायकीचा नव्हता. यूट्यूब चॅनेल असेल तर हेही लक्षात ठेवा की २०२२ पासून त्याची कमाई वेगळ्या खात्यात मोजली जाते. साइटचे साठ आणि यूट्यूबचे साठ यांची बेरीज करून खूश होऊ नका, शंभरचा उंबरठा दोघांना वेगवेगळा ओलांडावा लागतो.

उलट, पैसे नियमित येत असतील तर हा उंबरठा आपणहून वाढवता येतो, हे फार थोड्यांना माहीत आहे. परदेशातून आलेली रक्कम जमा करताना बँक दर वेळी काही ना काही कापते. शंभर-शंभर करून बारा वेळा मागवण्यापेक्षा तीन महिन्यांनी एकदम मागवले तर ती कात्री कमी वेळा बसते. तुमची बँक नेमकं किती कापते ते एका पावतीवरून काढा आणि मगच ठरवा. आणखी एक, गावच्या शाखेला बहुधा स्वतःचा स्विफ्ट कोड नसतो. मुख्य शाखेचा किंवा परकीय चलन पाहणाऱ्या शाखेचा कोड लेखी घ्या. 'तोच असेल हो' म्हणून सांगितलेला कोड भरला की पैसे महिनाभर हवेत राहतात.

खात्यावर दहा डॉलर झाले की पत्ता तपासायला पोस्टाने एक पिन येतो, साध्या टपालाने. आमच्याकडे तो लिफाफा आला तेव्हा आईने लग्नपत्रिका समजून पत्रिकांच्या गठ्ठ्यात ठेवला. दसऱ्याच्या साफसफाईत सापडला. चार महिन्यांत पिन भरला नाही तर जाहिराती थांबतात. तेव्हा पत्ता पोस्टमनला कळेल असा लिहा आणि घरात सांगून ठेवा की असं एक पाकीट येणार आहे.

स्क्रीनवर दिसणारा आकडा हा अंदाज असतो. महिना संपला की पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला हिशेब पक्का होतो, संशयास्पद क्लिकचे पैसे त्यातून वजा होतात, आणि २१ ते २६ तारखेच्या दरम्यान पैसे निघतात. म्हणजे जानेवारीची कमाई फेब्रुवारीच्या अखेरीस. जानेवारीत जाहिरातदारांचा हात आखडलेला असतो आणि दिवाळीच्या सुमारास तो मोकळा असतो, हाही अनुभव. ज्याने दिवाळीचा आकडा बघून गाडीचा हप्ता बांधला, त्याचे मार्चमधले हाल मी जवळून पाहिलेत. म्हणून माझ्या वहीतला पहिला रकाना 'बँकेत आले' हा आहे. 'स्क्रीनवर दिसले' असा रकानाच नाही.

दुसरा रकाना खर्चाचा. डोमेन पहिल्या वर्षी शे-दोनशेत मिळतं आणि दुसऱ्या वर्षी त्याच्या कितीतरी पट मागतं. होस्टिंगचंही तेच, तीन वर्षांचे पैसे एकदम भरायला लावतात, ते महिन्याच्या भावात दाखवतात, आणि मुदत संपली की भाव दुप्पट-तिप्पट. सगळ्या साइट एकाच होस्टिंगवर असल्या तरी प्रत्येकीच्या नावावर तिचा वाटा लिहा. घरात पाच भाऊ एकत्र राहतात तेव्हा किराणा कोणाच्या नावावर हा प्रश्न जसा निघतो, तसाच तो इथेही काढायचा असतो.

तिसरा रकाना तासांचा. हाच सगळ्यात कडू. माझ्या शुभेच्छांच्या साइटचं एका वर्षाचं पान समोर ठेवतो. कमाई ३१ डॉलर, त्या वेळच्या ८५ च्या भावाने २६३५ रुपये. डोमेन ९०० आणि होस्टिंगचा वाटा १२००, असे २१०० गेले. राहिले ५३५. आणि तास? पाडवा, राखी, गणपती, दिवाळी, संक्रांत, प्रत्येक सणाआधी दोन-तीन रात्री बसून चित्रं बनवायची, असे धरून १२०. तासाला साडेचार रुपयेही पडले नाहीत. क्लासच्या खालच्या टपरीवर कटिंग चहाही त्याहून महाग आहे. एवढं करून ती चित्रं सकाळी दुसऱ्याच कुणाच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्याकडेच परत यायची.

हे पान लिहीपर्यंत मला ती साइट 'चालणारी' वाटत होती, कारण तिच्यावर माणसं खूप यायची. पण आलेला माणूस चित्र उतरवून पाच सेकंदांत निघून जातो, त्याला बघून जाहिरातदार काय देणार? अ‍ॅडसेन्सच्या अहवालात प्रत्येक साइटची कमाई वेगळी बघायची सोय आहे. महिन्यातून एकदा ती उघडा आणि हजार पानांमागे काय मिळालं ते साइटनिहाय उतरवून घ्या. ज्या साइटवर गर्दी जास्त तीच कमावती, हा समज तिथे फिटतो. अमेरिकेत बसलेल्या मराठी माणसाने उघडलेलं एक पान आपल्या इथल्या कित्येक पानांएवढं देऊन जातं. माझ्या पाककृतींना हा फायदा होता, थालीपिठाची भाजणी किती भाजायची हे तिकडून रात्री-अपरात्री विचारलं जायचं. युरोपातून वाचक येत असतील तर मात्र कुकीजची परवानगी विचारणारा मान्यताप्राप्त फलक लावावा लागतो, जानेवारी २०२४ पासून तो सक्तीचा आहे.

आपल्याला मिळतो तो वाटा किती, हेही विचारा. जाहिरातदाराने खर्च केलेल्या शंभरातले ६८ साइटवाल्याला, असं गुगलने २०१० साली जाहीर केलं होतं. २०२४ पासून पद्धत बदलली. मोजणी आता क्लिकवर नाही, जाहिरात दिसण्यावर आहे, तरी अखेरीस हातात येणारा वाटा साधारण तेवढाच राहतो, असं कंपनी सांगते. मधल्या माणसाचा धंदा किती मोठा असतो ते कळायला मुंबईच्या दिव्यांक तुराखिया यांची मीडिया डॉट नेट आठवा. दुसऱ्यांच्या साइटवर जाहिराती पोचवणारी ही कंपनी २०१६ मध्ये सुमारे ९० कोटी डॉलरना विकली गेली. त्यात माझा साडेचार रुपयांचा एक तासही कुठेतरी असेल, असं मी गमतीने म्हणतो.

आता लाटेबद्दल. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना आली आणि १ जुलैपासून अर्ज सुरू झाले. त्या महिन्यात ज्याच्याकडे म्हणून मोबाइल होता त्याने योजनांची साइट काढली. माझी आधीपासून होती. सर्व्हर दोनदा बसला, क्लासची मुलं घरी पाठवून मी 'यादीत नाव कसं बघायचं' लिहीत होतो. ऑगस्टचे पैसे चांगले आले. त्या जोरावर मी एक लिहिणारा मुलगा पगारावर ठेवला आणि मोठं होस्टिंग घेतलं. नोव्हेंबरपर्यंत लाट ओसरली, पगार आणि होस्टिंग मात्र तिथेच. लाटेचा पैसा सुगीचा पैसा आहे, त्याच्यावर वर्षभराचे खर्च लावू नका. आणि कितीही मोह झाला तरी सरकारी वाटेल अशी साइट बनवून बायकांचे आधार क्रमांक भरून घेऊ नका. तसं करणारे मी पाहिले, आणि त्यांच्यासाठी माझ्याकडे चांगला शब्द नाही.

योजनांची साइट पुढे मीच बंद केली. कारण दुहेरी होतं. मार्च २०२४ मध्ये गुगलने सर्चचे नियम कडक केले. वाचकाला उपयोग नसलेली पानं घाऊक काढणाऱ्या साइट, मग ती एआयकडून लिहून घेतलेली असोत की माणसाकडून, खाली ढकलायला सुरुवात केली. मेलेली जुनी डोमेनं विकत घेऊन त्यांच्या पुण्याईवर साइट चालवण्याचा धंदाही त्यातच आला. शिवाय त्याच वर्षी ऑगस्टपासून भारतातही सर्चच्या डोक्यावर एआयचं तयार उत्तर दिसू लागलं. 'वयाची अट काय' एवढाच प्रश्न असलेला माणूस आता खाली उतरतच नाही. सहा साइटना रोज एकेक लेख पुरवायचा तर तो लेख कसा होतो हे मला माहीत आहे, मीच लिहायचो. वाचवायची असेल तर एखादीच वाचते, जिच्यावर तुम्हाला स्वतःला काही माहीत आहे ती.

शेतजमिनीसाठी आपल्याकडे १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. गुंठ्या-गुंठ्याच्या तुकड्यात बैल वळत नाही म्हणून तो आला. साइटना असा कायदा नाही, तो आपणच लावून घ्यायचा.

क्लिकबद्दल एकच सांगतो, पण जीव तोडून. स्वतःच्या जाहिरातीवर क्लिक करू नका, आणि घरच्यांना साइटचा पत्ता देताना हे बजावा. माझा भाचा प्रेमापोटी शाळेच्या लॅबमधून मित्रांसकट रोज क्लिक करायचा. 'मामा, आज तीस झाले' असा त्याचा मेसेज आला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पुढचा सव्वा महिना माझ्या सहाही साइटवर जाहिराती नावापुरत्या दिसत होत्या. खातं एकच असल्याची ही दुसरी बाजू, एकीचं पाप सहांना लागतं.

स्थानिक जाहिराती जरूर घ्या. ट्रॅक्टरचं शोरूम, मंगल कार्यालय, नीटचे क्लास, यांना तुमच्या तालुक्याचा वाचक हवाच असतो आणि मधे कोणी कापणारा नसतो. बिल द्या, जाहिरात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ते लिहा, आणि ती जाहिरात आहे हे वाचकाला दिसेल असं छापा. नेत्याच्या वाढदिवसाची असेल तर पैसे वाढदिवसाआधी घ्या. परदेशातून 'गेस्ट पोस्ट'साठी पन्नास-शंभर डॉलर देऊ करणारे मेल येतील. आत एक लिंक असते, रमीची किंवा कॅसिनोची. पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. ते मेल मी न उघडता टाकतो.

कराचं थोडक्यात. हे धंद्याचं उत्पन्न आहे. परदेशातून येतं आणि त्यावर टीडीएस कापलेला नसतो, म्हणून अनेकांना ते अदृश्य वाटतं. बँकेला दिसतं, म्हणजे सगळ्यांना दिसतं. प्रत्येक रकमेची आवक-पावती बँकेकडून मागून घ्या, डोमेन-होस्टिंगची बिलं जपा. वर्षाचा कर दहा हजारांवर जाणार असेल तर आगाऊ कर भरावा लागतो, १५ मार्चची शेवटची तारीख तरी डोक्यात ठेवा. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची साधारण मर्यादा वीस लाखांची. तिच्या जवळ गेलात की सीएची फी वाचवू नका. त्याला तोंडी गोष्ट सांगण्यापेक्षा वही नेऊन दाखवलीत तर काम अर्ध्या तासात होतं.

राहिला शेवटचा रकाना, 'मुदत'. तो मी सगळ्यात उशिरा आखला. पाककृतींची साइट माझ्या सहांतली तासाच्या हिशेबाने सर्वांत कमावती. मावशीने सांगितलेल्या साठ-सत्तर कृती, एकदा लिहिल्या आणि वर्षानुवर्षं चालल्या. तिला हात लावावा लागत नव्हता, म्हणून तिच्याकडे लक्षही नव्हतं. डोमेन मी क्लास काढला तेव्हाच्या जुन्या ईमेलवर घेतलं होतं. जोडलेलं कार्ड मधे बदललं, पैसे कापले गेले नाहीत, सूचनेचे मेल त्या बंद पत्त्यावर गेले. मुदत संपल्यावर काही आठवडे डोमेन परत मिळवता येतं, पण मला कळलं तेव्हा ते आठवडेही संपले होते. कुणीतरी ते लगेच विकत घेतलं. मावशीच्या पुरणपोळीचं पान जिथे होतं तिथे आज पत्त्यांच्या जुगाराचं पान उघडतं. तिला मी अजून सांगितलेलं नाही.

तेव्हा दुसरं काही आज नाही जमलं तरी चालेल. झोपण्याआधी तुमच्या प्रत्येक डोमेनची मुदत कधी संपते ते उघडून बघा, आणि सूचनेचा मेल कोणत्या पत्त्यावर येतो तेही. त्या पत्त्याचा पासवर्ड आठवत नसेल, तर नवं डोमेन घ्यायचं आत्ता राहू द्या.